कोर्लईची ‘आमची भाषा’

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला समुद्रात शिरलेला एक डोंगर दिसतो. माथ्यावर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी कोर्लई गाव. पर्यटक किल्ला पाहतात, दीपगृह पाहतात, फोटो काढतात आणि परततात. या गावातली सर्वांत नवलाची जुनी वस्तू मात्र दगडाची नाही. ती कानांनीच पाहावी लागते.

इथल्या ख्रिस्ती घरांत बोलतात ती बोली पोर्तुगीजमधून जन्मलेली आहे. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. (आपल्याला या शब्दानं व्याकरणाचा तास आठवेल, पण हा पोर्तुगीज ‘लिंग्वा’चा झिजून उरलेला तुकडा!) बोलणारी माणसं हजाराच्या आसपास.

१५२१ साली पोर्तुगीजांनी चौलच्या किनाऱ्यावर, आजच्या रेवदंड्यात, ठाणं मांडलं. समोरचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. पोर्तुगीज शिपाई, इथल्या बायका, ख्रिस्ती झालेले कष्टकरी यांच्या रोजच्या व्यवहारातून ही बोली घडली. पुढं वसई पडली आणि १७४० च्या तहानं चौल मराठ्यांकडे आलं. साहेब लोक निघून गेले. गरीब ख्रिस्ती कुठं जाणार? ते खाडीपलीकडे, कोर्लईत राहिले.

दमण-दीवला पोर्तुगीज १९६१ पर्यंत होते, म्हणून तिथं त्यांची भाषा कानावर पडत राहिली. कोर्लईला चर्चखेरीज तो आधार नव्हता. चहूकडे मराठी. तिच्या शेजारानं या बोलीचं वाक्यही फिरलं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येतं, नॉ लिंगमध्ये ते आपल्यासारखं शेवटी जाऊन बसतं. शब्द लिस्बनचे, चाल कोकणची. आपणही चावी, पगार, परात हे शब्द त्यांच्याकडूनच उचलले, पण ते परके वाटतात का कुणाला?

पावणेतीनशे वर्षं ही बोली टिकली ती कशामुळे? भाषाप्रेमामुळे, असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण कडू आहे. धर्म वेगळा, जातीची भिंत, लग्नं आपसांत, आणि मध्ये खाडी. माणसं एकटी पडली म्हणून भाषा राहिली. १९८० च्या दशकात पूल झाला, शिक्षण आणि नोकरीसाठी तरुण बाहेर पडू लागले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेत आली, आणि कोर्लईच्या चर्चमध्ये ती लोकभाषा ठरली मराठी. आता पूल नको होता, असं कोण म्हणेल?

आम्हा कोकणी मुसलमानांची घरातली बोली मराठीच्याच अंगणातली, तरी वर्गात ती तोंडातून निसटली की हशा व्हायचा. नॉ लिंगला तर शाळेत कधी जागाच नव्हती. तिच्या जडणघडणीवर क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी अभ्यासकाचा ग्रंथ १९९६ साली निघाला. तो इंग्रजीत आहे. ती बोलणारी मुलं शाळेत मराठी शिकतात.