नकाशा, मुदत आणि हिशेब

इमारत, नकाशा, मजूर, मुदत, हिशेब हे शब्द वाचा. हे शब्द उर्दू आहेत की मराठी? दोन्ही! तुम्ही ते घरी बोलता आणि मराठीच्या पुस्तकातही ते तुम्हांला भेटतात. आज आपण ज्या शिक्षणाची ओळख करून घेणार आहोत, ते या पाच शब्दांत सामावलेले आहे.

माझे अब्बा गवंडी होते. मी आठवीत असताना आमच्या शाळेच्या दोन नव्या खोल्यांचे काम सुरू झाले. अब्बाही त्या कामावर होते. पावसाळ्यापूर्वी खोल्या तयार होतील, असे सर्वांना वाटत होते. विटा आल्या, वाळू आली, भिंती उभ्या राहिल्या. पण स्लॅबसाठी लागणाऱ्या सळया वेळेवर आल्या नाहीत. सिमेंट मात्र आधीच आणून उघड्यावर ठेवले होते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला. गोण्या भिजल्या आणि सिमेंटचे दगड झाले. काम थांबले. मजुरांची मजुरी बुडाली आणि आम्ही ते वर्ष व्हरांड्यात बसून शिकलो.

मी अब्बांना विचारले, "अब्बा, चूक कोणाची झाली?"

अब्बा म्हणाले, "बेटा, भिंत सरळ आहे की नाही, हे माझा ओळंबा सांगतो. पण कोणते सामान कोणत्या दिवशी यायला हवे, हे सांगणारा ओळंबा इथे कोणाकडेच नव्हता."

अब्बा शाळेत फार शिकले नव्हते. पण त्यांनी ज्याची उणीव सांगितली, ते एक शास्त्र आहे. त्याला बांधकाम व्यवस्थापन असे म्हणतात.

हे शास्त्र समजण्यासाठी एक लहानसे उदाहरण घेऊ. समजा, एक वर्गखोली बांधायची आहे. पाया आणि भिंती यांना ३० दिवस लागतात. छताचे सेंटरिंग करून सळया बांधायला ६ दिवस, स्लॅब ओतायला १ दिवस. स्लॅब ओतल्यावर लगेच टेके काढता येत नाहीत. काँक्रीट हळूहळू बळकट होते. त्याला पाणी मारावे लागते. छताचा गाळा साडेचार मीटरपेक्षा रुंद असेल, तर साधारणपणे किमान १४ दिवस टेके तसेच ठेवावे लागतात. घाईने टेके काढले, तर छत कोसळून माणसे दगावू शकतात. नंतर गिलाव्याला ८ दिवस. आता बेरीज करा. ५९ दिवस झाले.

याच काळात सुतार बाके तयार करतो. त्याला २० दिवस लागतात. त्याला ५ दिवस उशीर झाला, तरी खोलीचे काम अडत नाही. पण सळया ५ दिवस उशिरा आल्या, तर खोली ६४ दिवसांनी तयार होईल. म्हणजे काही कामे थोडी थांबू शकतात. काही कामे थांबली की सगळेच थांबते. अशा न थांबणाऱ्या कामांच्या साखळीला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. ही साखळी गणिताने शोधण्याची पद्धत अमेरिकेत १९५७ च्या सुमारास तयार झाली. आता ती जगभर वापरली जाते.

एका खोलीचा हिशेब कागदावर मांडता येतो. पण शेकडो किलोमीटरचा लोहमार्ग बांधायचा असेल तर? कोकण रेल्वेचेच पाहा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा मार्ग सुमारे ७४० किलोमीटर लांब आहे. वाटेत सह्याद्रीचे डोंगर, खोल दऱ्या आणि रुंद नद्या. त्यात कोकणातला मुसळधार पाऊस! १९९० मध्ये या कामाला सुरुवात झाली. ई. श्रीधरन हे स्थापत्य अभियंता या कामाचे प्रमुख होते. सर्व मार्गाचे सात विभाग करण्यात आले आणि प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपवण्यात आला. त्यामुळे एकीकडचे काम संपण्याची वाट न पाहता अनेक ठिकाणी एकाच वेळी काम चालले. रत्नागिरीजवळ पानवल येथे ६४ मीटर उंचीचा पूल उभा राहिला. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. या मार्गामागे हजारो मजुरांचे श्रम आहेत आणि त्या श्रमांना वळण लावणारे नियोजनही आहे.

मग हे शिक्षण कसे घ्यायचे? बारावी विज्ञान शाखेनंतर प्रवेश परीक्षा देऊन स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेता येते. ती चार वर्षांची असते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळवण्याचा मार्गही आहे. पदवीमध्ये पाया, खांब, तुळया, रस्ते, पाणी, माती अशा सर्वच विषयांची ओळख होते.

पदवीनंतरच्या शिक्षणाला पदव्युत्तर शिक्षण म्हणतात. ते बहुधा दोन वर्षांचे असते. येथे विद्यार्थी एकच विषय निवडतो आणि त्यात खोलवर शिरतो. कोणी इमारतींची रचना निवडतो, कोणी माती आणि पाया, कोणी रस्ते, कोणी पाणी, तर कोणी बांधकाम व्यवस्थापन. व्यवस्थापन निवडणाऱ्यांना कामाचे वेळापत्रक, खर्चाचा अंदाज, करारांचे कायदे, मालाची खरेदी, कामाची गुणवत्ता आणि मजुरांची सुरक्षितता हे विषय शिकावे लागतात. त्यांना प्रत्यक्ष बांधकामावर जाऊन अनुभवही घ्यावा लागतो.

एम. टेक.च्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी 'गेट' ही परीक्षा महत्त्वाची असते. दिल्ली आणि मद्रास येथील आय. आय. टी.मध्ये बांधकाम व्यवस्थापनाचा एम. टेक. अभ्यासक्रम आहे. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. या १८८७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या संस्थेतही हा विषय शिकवला जातो. पुण्याची 'निकमार' ही संस्था तर १९८३ मध्ये खास याच विषयासाठी स्थापन झाली. आज ती विद्यापीठ आहे. गेटमध्ये चांगले गुण मिळवून एम. टेक.ला प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते. म्हणून केवळ पैशांच्या काळजीने मागे फिरू नका; आधी चौकशी करा.

पदव्युत्तर शिक्षणाने माणूस कुठवर पोहोचतो, याचे एक उदाहरण सांगतो. फजलुर रहमान खान यांचा जन्म १९२९ मध्ये ढाक्याला झाला. ते १९५२ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. बांबू आतून पोकळ असतो, तरी वाऱ्यात उभा राहतो ना? खान यांनी उंच इमारतींची रचना अशीच पोकळ नळीसारखी केली. वाऱ्याचा जोर बाहेरचे खांब पेलू लागले आणि पोलादाची बचत झाली. शिकागोतील ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर त्यांच्याच कल्पनेतून उभा राहिला. ती इमारत अनेक वर्षे जगात सर्वांत उंच होती.

मुलांनो आणि मुलींनो, तुमच्यापैकी कोणाचे अब्बा गवंडी असतील, कोणाचे चाचा सेंटरिंगचे काम करत असतील. त्यांच्या हातांत कौशल्य आहे. ते कधी कमी लेखू नका. त्या कौशल्याला शास्त्राची जोड देणे तुमच्या हाती आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. यासाठी लागणाऱ्या गणिताचा आणि विज्ञानाचा पाया आजच, या वर्गातच घालावा लागतो.

शाळेत येता-जाता एखादे बांधकाम दिसले, तर रस्त्याच्या कडेला क्षणभर थांबा. कोण वाळू चाळतो आहे, कोण सळया वाकवतो आहे, ते पाहा. मग स्वतःलाच एक प्रश्न विचारा : यांतले कोणते काम थांबले, तर सगळेच थांबेल? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलात की तुमचा अभ्यास सुरू झाला, असे समजा.