दब्ब मल्लपुत्त आणि गिरणीतील जॉबर

कामाच्या जागी माणसे जशी वागतात तशी का वागतात, हा संघटन-वर्तनशास्त्राचा विषय होय. सोलापुरात १८७७ साली ‘जुनी मिल’ सुरू झाली तेव्हा हे शास्त्र जन्मास आले नव्हते. त्याचा प्रश्न मात्र जॉबरच्या रूपाने खात्याखात्यांत उभा होता. भरती त्याच्या हाती, बदलीही त्याच्याच हाती. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अधिक वेतनाच्या विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता; १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उपस्थित केला.

विनयपिटकात आम्हांस याच प्रश्नाची जुनी बाजू दिसते. निवास व भोजन यांची वाटणी दब्ब मल्लपुत्तांकडे होती. छंद, द्वेष, मोह व भय या चार अगतींनी चालणारा अशा पदास अपात्र. दब्ब सुत्तांतिकांना सुत्तांतिकांजवळ, ध्यान करणाऱ्यांना ध्यान करणाऱ्यांजवळ जागा देत. एकाच्या पठणाने दुसऱ्याची शांतता मोडू नये, हा हेतू. (आजच्या व्यवस्थापकांनी हे अवश्य वाचावे.) तरीही निकृष्ट भोजन वाट्यास आले म्हणून मेत्तिय-भुम्मजक भिक्षूंनी त्यांच्यावर आळ आणलाच. चौकशीत तो खोटा ठरला.

निःपक्षपाती माणसावरही संशय येतो, हे विनयाने गृहीत धरले आहे. म्हणूनच दब्बांची नेमणूक संघापुढे ञत्ति मांडून, सर्वांच्या संमतीने झाली होती. जॉबर नेमताना कामगारांस कोणी विचारले नव्हते.