रोजमेळात न मांडलेली बाकी

व्यापारी घरातील पिता बोलतो थोडे आणि मोजतो फार, अशी त्याची ख्याती असते. ग्राहकाशी तो दिवसभर गोडीने बोलतो, आडत्याशी भावावरून घासाघीस करतो, हमालाच्या घरची विचारपूस करतो; घराचा उंबरठा ओलांडला की मात्र त्याचे शब्द सरतात. म्हणूनच मुलांच्या आठवणीत वडिलांची वाक्ये कमी आणि हालचाली अधिक असतात. दुकानाचे कुलूप उघडण्यापूर्वी नवकार पुटपुटणारे ओठ, तराजूचे पारडे फडक्याने पुसणारा हात, गल्ल्यातील नाणी रचताना स्थिर झालेली नजर. या हालचालींनाच कालांतराने घराण्याची परंपरा हे नाव मिळते.

पित्याच्या या मौनाला जुने कारण आहे. एकत्र कुटुंबात थोरल्यांच्या देखत स्वतःच्या मुलाला कडेवर घेणे मर्यादेला सोडून समजले जाई. खाऊ आधी पुतण्यांच्या हातावर आणि मग आपल्या मुलाच्या, हा अलिखित दंडक होता. चुलत भावंडांचे ऐकून कित्येक मुले जन्मदात्यालाच ‘काका’ किंवा ‘भाऊ’ म्हणत वाढली. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत तो ‘अण्णा’ किंवा ‘अप्पा’ होता, मारवाडी घरांत ‘बाबूजी’. संबोधने निराळी असली तरी माणूस एकाच घडणीचा होता. माया मनात होती, पण ती बोलून दाखवण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती.

गादीवरची शाळा

जे तो बोलला नाही, ते त्याने दुकानातून शिकवले. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावे, दुकान ‘बंद करू’ न म्हणता ‘वाढवू’ म्हणावे, हे मुलगा सुट्टीत गादीच्या कडेला बसून शिकला. उधारी नोंदवताना शेतकऱ्याचे नाव आदराने लिहावे, कारण तो सुगीपर्यंत देणेकरी असला तरी दुकानाचे मीठ त्याच्याच मालावर चालते, हे त्याला न सांगता कळले. लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत रेघा नसत. पानांना पाडलेल्या घड्या हेच तिचे रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसाअखेर दोन्ही बाजू जुळल्या की ‘श्री शिल्लक’ लिहून वही मिटायची. चार आण्यांचा फरक निघाला तरी तो सापडेपर्यंत वडील उठत नसत. चार आण्यांसाठी एवढा वेळ कशाला, असे मुलाला वाटे. वडील शोधत होते ती रक्कम नव्हे, चूक होती, हे उमगायला पुढे बरीच वर्षे गेली.

या शिस्तीचे मूळ श्रावकाच्या व्रतांत आहे. पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते अशा बारा व्रतांतील अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते जणू बाजारपेठेत उभे राहूनच लिहिले असावेत. दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, घेताना व देताना वजनमापात फरक करणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे, असे ते पाच दोष. चोरी म्हणजे रात्री भिंत फोडणे एवढाच अर्थ घेणाऱ्याला ही यादी जागे करते. ज्या वडिलांनी या दोषांची शास्त्रीय नावे कधी ऐकली नसतील, त्यांनीही पारडे पुसण्याच्या सवयीतून चौथा दोष टाळला आणि भेसळीचा स्वस्त माल दारातून परत पाठवून पाचवा.

घराचे घड्याळही याच शिस्तीवर चाले. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. हिवाळ्यात दिवस सहाच्या सुमारास मावळतो आणि गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. तरीही वडील मुनीमावर गल्ला सोपवून घरी येत किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडत. त्या अर्ध्या तासात किती विक्री बुडाली, याचा आकडा रोजमेळात कधी आला नाही. मुलांनी मात्र तो हिशोब पाहिला होता. कमाईलाही एक सीमा असते आणि ती माणसाने आपणच आखायची असते, हा अपरिग्रहाचा धडा त्यांनी त्या डब्याच्या वेळेतून घेतला.

दोन वह्यांचा एकच नियम

व्यापाऱ्याच्या हिशोबाला ठरलेले टप्पे असतात. रोजचा मेळ, पंधरवड्याची उगराणी, हंगामाचा ताळा आणि दिवाळीला वर्षाची खतावणी. प्रतिक्रमणाचे टप्पेही असेच आहेत: दैवसिक, रात्रिक, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. दिवसाचे दोष दिवसाच्या शेवटी आणि रात्रीचे पहाटे. त्यातून काही राहिले तर पंधरवड्याला, तेही निसटले तर चार महिन्यांनी आणि अखेर वर्षाच्या काठावर. बाकी फार काळ ओढू नये, हा दोन्ही वह्यांचा नियम एकच.

क्रोधाच्या चार प्रतींना शास्त्रकारांनी दिलेल्या उपमा या संदर्भात मोलाच्या आहेत. सर्वांत सौम्य क्रोध पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा, त्याहून तीव्र वाळूवरील रेघेसारखा, त्याहून तीव्र जमिनीला पडलेल्या भेगेसारखा आणि अखेरचा खडकाला गेलेल्या तड्यासारखा. पाण्यावरची रेघ क्षणात मिटते, वाळूवरची वाऱ्याने बुजते, जमिनीची भेग पावसाची वाट पाहते; खडकाचा तडा मात्र तसाच राहतो. घरातील अबोल्याची सुरुवात बहुधा पाण्यावरच्या रेघेने होते. वेळेवर बाकी न फेडल्यामुळे ती खडकापर्यंत पोचते.

येथेच व्यापारी घरातील पित्याची एक उणीव दिसते. आडत्याशी, पेढीशी, गिऱ्हाइकाशी त्याने बाकी ठेवली नाही; पुत्राशी व कन्येशी मात्र ती वर्षानुवर्षे चालत आली. मुलाने पहिल्यांदा एकट्याने गाव फिरून वसुली आणली, त्या दिवशी वडिलांनी नोटा मोजून गल्ल्यात ठेवल्या आणि ‘ठीक आहे’ एवढेच म्हटले. शाबासकी द्यायची राहून गेली. एखाद्या चुकीवरून चार माणसांसमोर केलेली कानउघाडणी मात्र मुलाच्या मनातील वहीत पक्क्या शाईने नोंदली गेली. पित्याच्याही मनात नोंदी होत्याच. मुलाने उधारीच्या पद्धतीला हसून ‘जुनाट’ म्हटले, एकदा परवानगी न घेता जुन्या गिऱ्हाइकाचे खाते बंद केले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, संगणकावर बिले निघू लागली आणि तिजोरीची किल्ली न मागता मुलाच्या हाती गेली. तेव्हापासून वडील दुकानात येऊन बसतात, पण गल्ल्यापासून दोन हात दूर. त्यांना काय वाटले, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

काही मुले गादीवर बसलीच नाहीत. शिक्षणासाठी पुण्यास गेली, नोकरीत रमली, कोणी दूरदेशी स्थायिक झाली. वंशाचा धंदा आपल्याबरोबर संपणार, हे दुःख अनेक पित्यांनी एकट्याने गिळले. तथापि घराबाहेरची वाट म्हणजे घराविरुद्धची वाट नव्हे. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) घरच्या कापूस व सावकारीच्या व्यवसायात न रमता रेल्वेच्या बांधकामाच्या कंत्राटांकडे वळले आणि पुढे १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. गादी सुटली म्हणून घराण्याचे नाव बुडाले नाही. आज परगावी गेलेल्या मुलाकडे पाहताना पित्याने हे ध्यानी घ्यावे. आणि मुलानेही ध्यानी घ्यावे की त्याच्या अभ्यासिकेचे भाडे चार आण्यांची चूक शोधणाऱ्या हातानेच भरले होते.

ब्राह्मी आणि सुंदरी

जैन परंपरेतील पहिला शिक्षक हा एक पिता आहे, याचा विसर पडू नये. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही उपजीविकेची साधने लोकांना शिकवली. यातील मसि म्हणजे शाई, लेखन. वाणिज्य म्हणजे व्यापार. लिपी आणि अंक मात्र त्यांनी प्रथम आपल्या दोन कन्यांना दिले, ब्राह्मीला अक्षरे आणि सुंदरीला गणित. उजव्या हाताने एकीला अक्षरे आणि डाव्या हाताने दुसरीला अंक शिकवले, असेही सांगितले जाते. ज्या रोजमेळावर व्यापारी घराण्याचा अभिमान उभा आहे, त्याचे पहिले वारस मुलीच्या हातात घडले.

असे असूनही कित्येक घरांत मुलीला गादीच्या कडेला जागा मिळाली नाही. तिचा सासरचा प्रवास थाटात झाला, आणि पुढे कधीतरी माहेरी आली असता भाऊबीजेच्या गोडव्यात हक्कसोडपत्राचा कागद तिच्यापुढे सरकवण्यात आला. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत कन्येला पुत्राइतकाच हक्क दिला. तिने स्वखुशीने तो सोडला तर तो तिचा त्याग. न विचारता गृहीत धरला तर अचौर्यव्रताच्या पारड्यात तो व्यवहार कोठे बसतो, हे प्रत्येक पित्याने व भावाने स्वतःच तोलून पाहावे. मुलीला अनेकदा हिश्श्यापेक्षाही वडिलांनी आपल्याला समोर बसवून विचारले, एवढेच हवे असते.

लहानापुढे वाकणे

ही बाकी फेडण्याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. श्वेतांबर घरांत पर्युषणाच्या अखेरची संवत्सरी आणि दिगंबर घरांत दशलक्षण पर्वानंतरची क्षमावाणी, हे ते दिवस. पूर्वी छापील क्षमापना-पत्रिका आडत्यांना, व्याह्यांना, परगावच्या पेढ्यांना टपालाने जात. आता भ्रमणध्वनीवर एका बोटाने शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडं’ पोचते. ज्यांना वर्षभरात एकही शब्द लागला नाही, त्यांची क्षमा मागून होते. ज्यांना शब्द लागला ते शेजारच्या खोलीत बसलेले असतात.

मुलगा वडिलांच्या पाया पडतो, वडील डोक्यावर हात ठेवतात आणि तो दिवसही ‘ठीक आहे’ वर मिटतो. क्षमा लहानाने मागायची आणि थोराने द्यायची, हा समज घरोघरी आहे. शास्त्राचा मात्र तसा आग्रह नाही. श्वेतांबर परंपरेतील बाहुबलींची कथा या बाबतीत बोलकी आहे. राज्यासाठी भावाशी लढताना विजयाच्या क्षणी विरक्त झालेले बाहुबली वर्षभर ध्यानस्थ उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान झाले नाही. धाकटे भाऊ त्यांच्याआधी दीक्षित झाले होते. दीक्षेने थोर ठरलेल्या त्या धाकट्यांना वंदन करावे लागेल, हा सल मनात उरला होता. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी येऊन त्यांना अहंकाराच्या हत्तीवरून उतरण्यास सुचवले. लहानांना वंदन करण्यासाठी बाहुबलींनी पाऊल उचलले आणि त्याच क्षणी ज्ञान प्रकट झाले. वर्षभराच्या तपाने जे झाले नाही, ते एका पावलाने झाले.

पित्यानेही वर्षातून एकदा हे पाऊल उचलावे. ‘त्या दिवशी चार माणसांत तुला बोललो, ते चुकले’, एवढे एक वाक्य पुरे. असे म्हणणाऱ्या पित्याची प्रतिष्ठा उणावत नाही. मुलाच्या मनातील जुन्या नोंदीवर त्या क्षणी रेघ ओढली जाते. मुलानेही ठरीव वाक्याआड न दडता ‘बाबूजी, तुमची पद्धत मला तेव्हा कळली नव्हती’ असे स्पष्ट म्हणावे. कन्येला दूरध्वनीवर कुशल विचारून न थांबता, तिच्या वाट्याचा विषय वडिलांनी आपणहून काढावा. ज्यांचे वडील आता हयात नाहीत, त्यांना ही बाकी आपल्या मुलांच्या खात्यात फेडता येते. शाबासकीचा जो शब्द स्वतःला मिळाला नाही, तो पुढच्या पिढीला वेळेवर द्यावा.

दिवाळीला महावीर निर्वाणाच्या स्मरणाने जुनी वही मिटते आणि दुसऱ्या दिवशी नव्या वीर निर्वाण संवताबरोबर नवी उघडते. तिच्या पहिल्या पानावर अनेक घरांत गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी आणि अभयकुमारांची बुद्धी मागितली जाते. ज्यांची नावे तेथे लिहिली जातात, त्या तिघांनीही अखेर सर्व सोडले होते. मनातील अढी सोडणे त्या मानाने फारच लहान त्याग आहे, आणि तो वडील समोर बसलेले असताना करता येतो. संवत्सरी दिवाळीच्या आधी येते. नवी वही पूजेला मांडण्यापूर्वी घरातील ही बाकी जुन्या वहीतच फिटावी.