गटारातला जिवाणू कोणाचा?

रुग्णाच्या रक्तात क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जिवाणू सापडला आणि त्याच जातीचा जिवाणू रुग्णालयाच्या सांडपाण्यातही सापडला, तर तो रुग्णाकडूनच तेथे गेला असे म्हणता येईल का? नाही. ही जात आतड्यात, मातीत, पाण्यातही आढळते. नंदाखालला डिमेलो आडनावाचे दोघे भेटले, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत.

नाते ठरते जनुकसंचावरून. जिवाणू वाढवून त्यांचा डीएनए काढतात, त्याचे तुकडे वाचतात आणि संगणकावर जुळवतात. क्लेब्सिएलाचा हा मजकूर सुमारे 55 लाख अक्षरांचा असतो. जिवाणूचे विभाजन होताना मजकुराची नक्कल होते, क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत उतरते. दोन उत्तरपत्रिकांत एकच विचित्र चूक दिसली की शिक्षकांना जे कळते, तेच येथे आम्हां संशोधकांना कळते. दोन नमुन्यांत दहा-पंधरा अक्षरांचाच फरक असेल, तर त्यांचा समान पूर्वज नजीकच्या काळातला. हजारो अक्षरांचा असेल, तर नाते दूरचे. मात्र कोणी कोणाचे पाहून लिहिले, हे केवळ चुकांवरून नेहमी कळत नाही. त्यासाठी नमुन्यांच्या तारखा, खाटांच्या नोंदी आणि सांडपाण्याच्या नळांचा नकाशाही लागतो.

आणखी एक गुंता आहे. प्लाझ्मिड नावाची डीएनएची लहान वर्तुळे एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. कार्बापेनेम ही गंभीर आजारांसाठी राखून ठेवलेली प्रतिजैविके निकामी करणारे एनडीएम-1 हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असते. 2009 साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 नमुन्यांपैकी 22 मध्ये ते आढळले. त्यांत क्लेब्सिएला होता, तसाच ई. कोलायही. पुण्यात मुठेच्या गाळातही एनडीएम जनुके सापडल्याचे 2017 साली प्रसिद्ध झाले; प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण शहराच्या वरच्या अंगापेक्षा शहरात 30 पटींपर्यंत अधिक होते. जिवाणू वेगळा, पण जनुक तेच, असे होऊ शकते. म्हणून प्लाझ्मिडही वाचावे लागते.

हा खटाटोप कशासाठी? वाट कळली की उपाय नेमका करता येतो. गळती असेल तर नळ दुरुस्त करायचा. रोग हातांवरून पसरत असेल तर हात धुण्याची शिस्त लावायची. वसईच्या पट्ट्यात विहिरी आणि बावखले यांवर बागायत पोसली गेली. अशा ठिकाणी सांडपाणी कोठे मुरते, हा प्रश्न घरचाच आहे.

वर्गात करून पाहा: एक उतारा एकाकडून दुसऱ्याकडे असा दहा जणांकडून भराभर उतरवून घ्या. मग कागद मिसळा आणि चुकांवरून त्यांची वंशावळ इतर मुलांना लावू द्या.