मुद्दल राखा, व्याज खर्चा

भीमाशंकरला गाडीतून उतरलं की दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून देवळापाशी जावं लागतं आणि परतताना तेवढ्याच चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी वाटेवर डोलीवाले असतात. त्यांच्याशी दहा मिनिटं घासाघीस करून शेवटी "राहू द्या, बसत-बसत जाऊ" म्हणणारे सगळेच काही गरीब नसतात. त्यांत भरपूर पेन्शन घेणारे निवृत्त मास्तर असतात, लाखांच्या ठेवी राखून असलेले बागायतदार असतात आणि दोन्ही मुलं परदेशात स्थिरावलेल्या आजीबाईही असतात. डोलीचे पैसे वाचतात आणि महिनाभराने गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातात.

या माणसांना चिंगूस म्हणून हसणं सोपं आहे. मोलिएरने १६६८ मध्ये असाच एक कृपण रंगभूमीवर आणला आणि आचार्य अत्र्यांनी 'कवडीचुंबक'मधून त्याला मराठी धोतर नेसवलं. पण आपल्या घरातला कवडीचुंबक बहुतेक वेळा लोभी नसतो. तो घाबरलेला असतो, आणि त्या भीतीला इतिहास आहे.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस धो-धो कोसळतो, पण पीक एकच. खाचरातला भात, वरकस जमिनीतली नाचणी-वरई आणि जोडीला जंगलातला हिरडा. त्यातून जे कणगीत पडेल ते पुढच्या हंगामापर्यंत पुरवायचं. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामांवर खडी फोडली. तेव्हा जी पोरं होती ती आज साठी-सत्तरीत आहेत. मधल्या काळात कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली. पूर्वेकडच्या शिवारात पाणी खेळलं. नारायणगावचा टोमॅटो देशभर जाऊ लागला, 'विघ्नहर' आणि 'भीमाशंकर' हे साखर कारखाने उभे राहिले. एका पिढीत हातात पैसा आला, पण एका पिढीत हात सैल होत नाही. म्हणून लेकीने घेतलेली पैठणी ट्रंकेतच विरते, नवा मिक्सर खोक्यासकट माळ्यावर जातो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत तीन वर्षं लांबतं.

स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये या स्वभावावर अभ्यास प्रसिद्ध केला. काही माणसांना पैसे देताना खरोखरच जास्त कळ लागते आणि त्या कळीपायी ती स्वतःला हवा असलेला, परवडणारा खर्चही टाळतात, असं त्यांचं म्हणणं. काटकसरी माणसाला वाचवण्यात सुख असतं, तर हात आखडलेल्या माणसाला खर्चाचं दुःख असतं. त्याच अभ्यासातली एक गंमत आहे. घरपोच पाठवणीचं पाच डॉलरचं शुल्क नुसतं सांगण्याऐवजी 'छोटंसं शुल्क' म्हणून सांगितलं, तर हेच लोक ते भरायला अधिक तयार झाले. म्हणजे ही कळ कमी करता येते. कशी, याचं उत्तर आपल्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी कोरून ठेवलं आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण नाणी ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट. हिशेब करून पाहा. २,००० वर वर्षाला २४० कार्षापण व्याज होतं. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा, म्हणजे नेमके २४०. ठेव ठेवतानाच तिच्या व्याजाला काम नेमून दिलं होतं!

जुन्नरची लेणीही अशाच दानांनी भरली आहेत. नहपानाचा अमात्य अयम याने पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, आणि मंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाणेघाटातून चाललेल्या व्यापारावर हे गाव गबर झालं होतं. त्या श्रीमंतांची नावं आज आपल्याला ठाऊक आहेत ती त्यांनी काय साठवलं यामुळे नव्हे, काय दिलं यामुळे.

देण्यासाठी श्रीमंतच असावं लागतं असंही नाही. मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच मुलखातले, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळचे. सायकल आणि लोकलवर आयुष्य काढणाऱ्या या माणसांच्या संस्थेने आळंदी, भीमाशंकरसारख्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या.

आता आपल्या घरातलं गणित. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख रुपये आहे. ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळतं. हे व्याज खर्चासाठीच दिलेलं असतं, पण आपल्याकडे ते बचत खात्यात पडून राहतं, तिथून पुन्हा मुदत ठेवीत जातं. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणजे निव्वळ जपून ठेवलेला पैसाही झिजतोच.

म्हणून आधी भीतीला उत्तर द्या. कर्ज फिटलं आहे का, वर्षभराचा घरखर्च हाताशी आहे का, दवाखान्याची सोय आहे का? सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते कार्ड काढलं आहे का? यातलं काही राहिलं असेल तर हात आखडता ठेवणं हाच शहाणपणा. सगळ्यांची उत्तरं 'हो' असतील, तर व्याजासाठी वेगळं खातं काढा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच त्याला कामं नेमून द्या: एवढे तब्येतीला, एवढे प्रवासाला, एवढे दुसऱ्याला. निर्णय एकदाच घेतला की प्रत्येक खर्चाच्या वेळी नवी कळ सोसावी लागत नाही. सुरुवात वेळ आणि त्रास वाचवणाऱ्या खर्चापासून करा: भांडीवाल्या मावशी, रिक्षा, डोली. त्यातून दुसऱ्याच्या घरीही चार पैसे जातात. आणि ठेवींची यादी घरात कुणाला तरी दाखवून ठेवा. दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव बँकेतून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. वारसांना ती मागता येते, पण ती आहे हे त्यांना माहीत असेल तरच.

मुलांनीही एक पथ्य पाळावं. "बाबा, किती चिकटपणा कराल!" असं म्हणू नये. त्याच चिकटपणावर आपल्या फिया भरल्या गेल्या. त्यापेक्षा आईबाबांना सोबत घेऊन हिशेबाची वही उघडावी आणि पैसा पुरणार आहे हे आकड्यांत दाखवावं.

मुद्दलाला हात लावू नका, पण या दिवाळीला गेल्या तिमाहीचं व्याज किती जमा झालं ते पासबुकात बघा, आणि पुढचं जमा होण्याआधी ते खर्चून टाका.