उंदीरमामा, ऑक्सिटोसिन आणि आमची सहा महिन्यांची लेक

चवथीच्या आदल्या दिवशी पेडण्याच्या घरी माटोळी बांधून झाली आणि चहाबरोबर विषय निघाला आमच्या लेकीचा. ती सहा महिन्यांची. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपत आलेली, सण झाला की तिचं पर्वरीचं ऑफिस सुरू. दिवसभर लेक माझ्या आईकडे राहणार, असं ठरलं होतं. तेवढ्यात डिचोलीच्या आत्याने फॅमिली ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचला : ‘आई दूर गेली की बाळाच्या मेंदूतलं प्रेमाचं हार्मोन आटतं. उंदरांवर सिद्ध झालंय!’ बायको काही न बोलता आत निघून गेली.

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण उंदरांवर नेमकं काय सिद्ध झालंय, हे पाहायला रात्री बसलो.

हार्मोन म्हणजे शरीराने पाठवलेला निरोप. तो ऐकणारं कुणी नसेल, तर निरोप वाया. पेशीवर बसून तो ऐकणारा रेणू म्हणजे रिसेप्टर.

उत्तर अमेरिकेत व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. त्यातला प्रेअरी व्होल जोडी करून राहतो, नरही पिल्लं सांभाळतो. डोंगराळ भागातला त्याचा भाऊबंद मात्र जोडीच्या भानगडीत पडत नाही. ऑक्सिटोसिन दोघांकडेही असतं. मग फरक कुठे? त्याचे रिसेप्टर मेंदूच्या कुठल्या भागात आहेत, यात. हे १९९२ मध्ये थॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी दाखवलं.

२००४ मध्ये लॅरी यंग यांच्या गटाने मेडो व्होल या जोडी न करणाऱ्या जातीचे नर घेतले. ऑक्सिटोसिनच्याच कुळातल्या व्हॅसोप्रेसिनचे रिसेप्टर त्यांच्या मेंदूच्या एका भागात वाढवले. ते नर आपल्या जोडीदारणीला बिलगून बसू लागले! पण २०२३ मध्ये उलटंही दिसलं. ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल जन्माला घातले, तरी त्यांनी जोड्या जमवल्याच. सगळी माया एकाच हार्मोनवर टांगलेली नाही, हे तेव्हा कळलं.

आता आईचा मुद्दा. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या विदिता वैद्य यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांची पिल्लं जन्मानंतरचे सुमारे दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवली. मोठेपणी ती जास्त भित्री निघाली. पण त्याच दिवसांत सेरोटोनिनचे ठरावीक रिसेप्टर औषधाने अडवले, तर ही भीती टळली.

म्हणजे मेसेज अगदीच खोटा नव्हता. लहानपणच्या ताटातुटीचा ठसा उमटतो. पण त्या तीन तासांत पिल्लांना आईच्या जागी दुसरी कुणी नसते, हे मेसेजमध्ये नव्हतं.

दुसरी कुणी असेल तर? कॅनडातल्या मायकेल मीनी यांनी पाहिलं, की काही उंदरीण पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. खूप चाटलेल्या पिल्लांच्या मेंदूत ताणाच्या हार्मोनचे रिसेप्टर जास्त असतात, त्यामुळे ताण आला तरी ती लवकर सावरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं खूप चाटणारीच्या कुशीत ठेवली, तर तीही तशीच धीट होतात. जन्म देणारी कोण, यापेक्षा जवळ घेणारी कशी, हे मोठं ठरलं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण उंदराच्याच नावाने भीती घालायची, तर त्याची पूर्ण गोष्ट सांगायला हवी.

सकाळी आरतीनंतर मी ती सांगितली. आत्या म्हणाली, “म्हणजे बाळाला तेल लावून चोळतात, ते चाटण्यासारखंच की रे!”

“साधारण तसंच, आत्या.”

बायको हसली, पण तिचा प्रश्न तयार होता. “आई दिवसभर बघतील. संध्याकाळी मी दमून येणार. तेव्हा तेल कोण लावणार?”

उत्तर देण्याआधी आईने खोबरेल तेलाची बाटली माझ्यापुढे ठेवली. सोमवारपासून संध्याकाळी साडेसहाला लॅपटॉप बंद.