गाडीचे खाडे : चूक दुसऱ्याची, भुर्दंड आपला

पनवेलचा बराचसा संसार रस्त्यांवर चालतो. कळंबोलीहून सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग निघतो, पळस्पे फाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकणातून गोव्याकडे वळतो, १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे कंटेनरचे ट्रेलर अहोरात्र ये-जा करतात आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची त्यात आता भर पडली आहे. पनवेल परिवहन कार्यालयाच्या एमएच-४६ या मालिकेतील अनेक वाहनांवर कुटुंबाची रोजची मिळकत आणि कर्जाचा हप्ता अवलंबून असतो. अशा वाहनाला दुसऱ्याच्या चुकीमुळे धक्का बसून ते वर्कशॉपमध्ये पडून राहिले, तर पत्र्याचे नुकसान कोणी भरायचे याची वाट कायद्याने आखलेली आहे. गाडी उभी राहिल्यामुळे बुडालेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा कागदावर येतच नाही. मजूर कामावर आला नाही की हजेरीपत्रकात खाडा मांडतात. गाडीच्या खाड्यांची नोंद ठेवणारे असे पत्रक विम्याच्या व्यवहारात नाही.

वाहन विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग तृतीय पक्षाच्या, म्हणजे विमाधारक आणि विमा कंपनी सोडून तिसऱ्या कोणाच्या, नुकसानीचा असून तो कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा असून तो ऐच्छिक आहे. मागून येणाऱ्या मोटारीने उभ्या गाडीला धडक दिली, तर भरपाईची जबाबदारी धडक देणाऱ्यावर आणि त्याच्या वतीने त्याच्या विमा कंपनीवर येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मालमत्तेच्या नुकसानीसाठी सक्तीच्या विम्याची मर्यादा अवघी ६,००० रुपये ठेवली होती. प्रत्यक्षातील पॉलिसींमध्ये मोटारी व व्यापारी वाहनांसाठी साडेसात लाख आणि दुचाकींसाठी एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण रुळले. ही रक्कम मिळवायची तर कलम १६५ खाली स्थापन झालेल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, त्यासाठी पोलिसांकडील नोंद आणि पंचनामा लागतो, समोरच्याच्या पॉलिसीचा तपशील लागतो आणि तारखांना हजर राहावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही घातली असून तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे.

बंपर आणि दरवाजा चेपलेला माणूस ही वाट सहसा धरत नाही. तो रस्त्याच्या कडेला चार पैसे घेऊन प्रकरण आपसात मिटवतो किंवा स्वतःच्याच विमा कंपनीकडे क्लेम करतो. हा दुसरा मार्ग सोपा दिसतो, कारण विमा कंपन्यांमध्ये ‘नॉक फॉर नॉक’ नावाचा परस्पर करार आहे. त्यानुसार चूक कोणाचीही असली तरी प्रत्येक कंपनी आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून देते आणि एकमेकींकडे वसुली करत नाही. कंपन्यांचा खटल्यांचा खर्च यामुळे वाचतो. चूक नसलेल्या ग्राहकाचा मात्र वाचत नाही, हे हिशेब मांडला की दिसते.

समजा, साडेचार वर्षे जुन्या, १५०० सीसीपेक्षा कमी क्षमतेच्या खासगी मोटारीचा ८,००० रुपयांचा बंपर आणि १२,००० रुपयांचा दरवाजा बदलला व रंगकामाचे ८,००० रुपये झाले. प्लॅस्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणून बंपरचे ४,००० रुपये मालकाच्या अंगावर येतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के कपात असल्याने दरवाजाचे ४,२०० रुपये जातात. रंगकामाच्या एकत्रित बिलाचा चौथा हिस्सा रंगाच्या सामग्रीचा धरून त्यावर निम्मी कपात होते, ते १,००० रुपये. आणि प्रत्येक दाव्यामागे मालकाने सोसायची सक्तीची वजावट आणखी १,००० रुपये. काहीही चूक नसताना पदरचे १०,२०० रुपये गेले आणि दावा न केल्याबद्दल पुढील हप्त्यात मिळणारी सवलत, जी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, तीही गेली. ‘झिरो डेप’ हे जोडसंरक्षण घेतलेले असेल तर घसाऱ्याची झळ कमी होते, सवलत मात्र तरीही सहसा जातेच. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरची स्थिती अधिक बिकट असते, कारण जादा हप्ता भरलेला नसेल तर व्यापारी मालवाहू वाहनाच्या पॉलिसीतून दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम ही अंशतः नुकसानीत वगळलेलीच असतात.

या साऱ्या हिशेबात दिवस कुठेच आलेले नाहीत. प्रमाणित पॉलिसी परिणामी नुकसान, म्हणजे अपघातामुळे पुढे ओढवणारे अप्रत्यक्ष नुकसान, स्पष्टपणे नाकारते. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत, अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत आणि सुटा भाग येईपर्यंत गेलेले दिवस मालकाच्याच खात्यावर पडतात. काही कंपन्या गाडी वर्कशॉपमध्ये असताना ठरावीक दैनिक भत्ता देणारे जोडसंरक्षण विकतात. परंतु त्याचाही हप्ता चूक नसलेल्यानेच आधी भरलेला असतो.

इंग्लंडमध्ये या रिकाम्या दिवसांभोवती एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. चूक नसलेल्या मोटारमालकाला भाडेकंपनी तत्काळ पर्यायी गाडी देते, भाडे उधार ठेवते आणि नंतर ते चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसूल करते. या व्यवस्थेला ‘क्रेडिट हायर’, म्हणजे उधारीची भाडेगाडी, असे म्हणतात. परक्याच्या दाव्यात असा पैसा गुंतवणे बेकायदा आहे, हा आक्षेप तेथील सर्वोच्च अपीलपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, १९९३ मध्ये जाइल्स विरुद्ध थॉम्पसन या प्रकरणात फेटाळला. पुढे २००० मध्ये डायमंड विरुद्ध लव्हेल या निकालाने व्यवसायाला लगाम घातला : उधारीचा करार ग्राहक पतकायद्याच्या नमुन्यात नसल्याने तो अंमलात आणता येत नव्हता आणि जे भाडे ग्राहकाला द्यावेच लागत नाही ते विमा कंपनीकडून मागताही येत नाही, असे ठरले. उधारीचे भाडे साध्या भाड्याहून चढे असते, कारण त्यात वसुलीची यातायात आणि दाव्याची कामे मिसळलेली असतात. तो जादा भार चूक करणाऱ्यावर टाकता येत नाही, अशी भूमिकाही त्या निकालात मांडली गेली.

मात्र ज्याच्या खिशात रोख भाड्याचे पैसेच नाहीत त्याने काय करावे, या प्रश्नाचे मूळ एका ड्रेजरपर्यंत, म्हणजे गाळ उपसणाऱ्या जहाजापर्यंत, जाते. १९२८ मध्ये ग्रीसमधील पात्रास बंदराजवळ ‘एडिसन’ या जहाजाच्या चुकीमुळे ‘लिस्बॉश’ हा ड्रेजर बुडाला. मालकांकडे दुसरा विकत घेण्याइतका पैसा नसल्याने त्यांनी महागड्या भाड्याने एक आणला. हा जादा खर्च त्यांच्या स्वतःच्या तंगीमुळे झाला, अपघातामुळे नव्हे, असे म्हणून १९३३ मध्ये तो नाकारण्यात आला. तब्बल ७० वर्षांनी, २००३ मध्ये, लॅगडेन विरुद्ध ओ’कॉनर या प्रकरणात दावेदार एक बेरोजगार गृहस्थ होता आणि त्याची गाडी दहा वर्षे जुनी होती. उधारीखेरीज दुसरा मार्ग ज्याला परवडत नाही त्याला उधारीचे पूर्ण भाडे मिळाले पाहिजे, असे तेव्हा ठरले आणि लिस्बॉशचा नियम बाजूला पडला. गरिबाची गरिबी त्याच्याच भरपाईच्या आड येऊ नये, ही भूमिका पनवेलच्या टॅक्सीवाल्याला थेट लागू पडणारी आहे; कारण हप्ता थकलेला असताना रोखीने दुसरी गाडी लावण्याची ऐपत त्याच्याकडेही नसते.

भारतात असा व्यवसाय रुजलेला नाही, आणि त्याची कारणे केवळ सवयीची नाहीत. १९८९ च्या ‘रेंट अ कॅब’ योजनेनुसार परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्या लागतात, त्यामुळे लहान भाडेवाला या कामात उतरू शकत नाही. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची मोटार पैसे देऊन वापरली, तर खासगी पॉलिसीतील वापराच्या मर्यादांचा भंग होतो आणि दुसऱ्या अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. परक्याच्या दाव्यात पैसा गुंतवण्याला मात्र येथे सरसकट मनाई नाही. वकिलाने पक्षकाराच्या खटल्यात भांडवल घालू नये, पण वकील नसलेल्या त्रयस्थाला तशी आडकाठी दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी या निकालात नमूद केले. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये झालेली स्थानिक दुरुस्ती अशा भांडवलदाराचे अस्तित्व गृहीत धरते आणि त्याला दाव्यात पक्षकार करण्याची व त्याच्याकडून खर्चाची हमी घेण्याची तरतूद करते. म्हणजे दार कायद्याने बंद केलेले नाही; अडसर आहे तो दाव्यांना लागणाऱ्या वेळाचा, कारण वर्षानुवर्षे अडकणारी उधारी कोणताही भाडेवाला देणार नाही.

कलम १६५ मालमत्तेच्या नुकसानीविषयी बोलते, पर्यायी गाडीच्या भाड्याचा किंवा बुडालेल्या धंद्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही. तरीही अर्जात ही रक्कम स्वतंत्रपणे मागणे योग्य ठरते, कारण न मागितलेल्या खाड्यांचा विचार करण्याचे न्यायाधिकरणाला कारणच उरत नाही. मागणी निव्वळ उत्पन्नाची, म्हणजे न जळालेले इंधन वजा जाता उरणाऱ्या रकमेची, असावी लागते आणि दुरुस्तीत मालकाच्या बाजूने दिरंगाई झाली नाही हे दाखवावे लागते. त्यासाठी वर्कशॉपच्या जॉब कार्डावर गाडी आत घेतल्याची आणि बाहेर दिल्याची तारीख लागते, सर्व्हेअरच्या भेटीची नोंद लागते, आधीच्या तीन-चार महिन्यांच्या फेऱ्यांची बिले लागतात. द्रुतगती मार्गावर रोज धावणाऱ्या टॅक्सीकडे आणखी एक साक्षीदार आपोआप तयार झालेला असतो, तो म्हणजे फास्टॅगचा उतारा : खालापूरच्या टोलनाक्यावरील नोंदी अपघाताच्या तारखेला थांबतात आणि गाडी वर्कशॉपमधून सुटली की पुन्हा सुरू होतात.